‘एक मोलर’ म्हणजे नेमकं कशात किती?

प्रयोगशाळेत रुजू होऊन मला जेमतेम महिना झाला असेल. कॉपर सल्फेटचं एक लिटर ०.१ मोलर द्रावण करायचं होतं. भिंतीवरच्या तक्त्यात कॉपर सल्फेटसमोर १५९.६ हा आकडा होता, म्हणजे एक मोलरच्या लिटरभर द्रावणाला तेवढे ग्रॅम. मी १५.९६ ग्रॅम निळे खडे तोलले, विरघळवले, लिटरभर द्रावण केलं आणि बाटलीवर झोकात लेबल लावलं. पुढचे दोन दिवस त्या द्रावणावर घेतलेलं प्रत्येक वाचन एक तृतीयांशाहून जास्त कमी येत होतं. काटा तपासला, बरोबर. गुणाकार तपासला, तोही बरोबर. शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी खड्यांची बरणी उचलून माझ्यापुढे धरली. म्हणाले, “निळं दिसतंय ना रे? मग यात पाणी आहे. ते धरून तोल.”

कोरडं कॉपर सल्फेट पांढरं असतं. निळ्या खड्यात प्रत्येक कॉपर सल्फेटमागे पाण्याचे पाच रेणू स्फटिकात अडकलेले असतात आणि त्याचं मोलर वस्तुमान होतं २४९.७. म्हणजे मी तोललेल्या १५.९६ ग्रॅममध्ये बराचसा भाग पाणीच होतं. १५.९६ भागिले २४९.७ केलं की ०.०६४ येतात. बाटलीवर ०.१, आत ०.०६४.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. मोलॅरिटीचं, म्हणजे द्रावण किती मोलर आहे याचं, गणित प्राथमिक शाळेतल्या गुणाकार-भागाकाराइतकंच आहे. घोळ होतो तो ‘कशाचे’ आणि ‘कशात’ या दोन शब्दांवर. कशाचे मोल? लिटर कशाचं? ही दोन उत्तरं स्पष्ट असतील तर सूत्र पाठ नसलं तरी चालतं.

मुळात मोल हवाच कशाला? ग्रॅममध्ये काय वाईट होतं? असं समजा की तुमच्यापुढे नट आणि बोल्टचे ढीग आहेत आणि एका बोल्टला एक नट बसवायचा आहे. किलोभर नट आणि किलोभर बोल्ट घेतलेत तर जोड्या जमणार नाहीत, कारण एक नट आणि एक बोल्ट यांचं वजन सारखं नसतं. पण एका नटाचं वजन ४ ग्रॅम आणि बोल्टचं १० ग्रॅम हे ठाऊक असेल, तर ४ किलो नट आणि १० किलो बोल्ट घ्यायचे. एकही नग न मोजता दोन्हीकडे १००० नग येतात. रसायनांचंही तसंच. सोडियम हायड्रॉक्साईडचा एक घटक हायड्रोक्लोरिक आम्लाच्या एका रेणूशी जुळतो, त्यामुळे ४० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साईडला ३६.४६ ग्रॅम हायड्रोजन क्लोराईड लागतं. वजनं वेगळी असली तरी नग तितकेच. त्या नगांच्या ठरावीक गठ्ठ्याला मोल म्हणायचं.

हा गठ्ठा केवढा, तर ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात. २० मे २०१९ पासून हा आकडा व्याख्येनंच नेमका ठरवून टाकला आहे. त्याआधी १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जेवढे अणू तेवढा एक मोल, अशी व्याख्या होती. या संख्येला ॲव्होगाड्रोचं नाव मिळालं ते १९०९ मध्ये, जाँ पेरॅं या फ्रेंच शास्त्रज्ञानं ते सुचवलं म्हणून. खुद्द ॲव्होगाड्रोनं आपलं गृहीतक १८११ मध्ये मांडलं होतं, पण संख्या काही त्यानं कधी काढली नाही. रोजच्या कामात हा आकडा कधी लागतही नाही. लागतं ते मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोलचं ग्रॅममधलं वजन, आणि ते बाटलीच्या लेबलवर छापलेलं असतं. लेबलवर. भिंतीवरच्या तक्त्यात नाही, हे मी महागात शिकलो.

आता मोलॅरिटी. एक लिटर द्रावणात द्राव्याचे किती मोल आहेत, ती मोलॅरिटी. ‘द्रावणात’ या शब्दावर थांबा. एक लिटर पाण्यात नव्हे, एक लिटर द्रावणात. वाचताना हा फरक किरकोळ वाटतो. सुक्रोजवर करून बघा. एका मोलचं वजन ३४२.३ ग्रॅम. तेवढं सुक्रोज एक लिटर पाण्यात विरघळवलं तर तयार होणारं द्रावण साधारण १.२ लिटर भरतं, कारण विरघळलेले रेणूही जागा खातात. मोल एक, लिटर १.२, म्हणजे मोलॅरिटी ०.८३च्या आसपास. तुम्हाला वाटतंय एक मोलर केलं, प्रत्यक्षात सहाव्या हिश्श्यानं कमी. मिठासारख्या, म्हणजे सोडियम क्लोराईडसारख्या पदार्थाला हा फरक दोनेक टक्क्यांचा असतो, म्हणून तिथं चूक लपून राहते आणि सवय लागते.

म्हणून पाणी मोजून घालायचं नसतं. द्राव्य आधी, मग पाणी ‘खुणेपर्यंत’. त्यासाठीच लांब मानेचा, मानेवर एकच गोल रेघ असलेला व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क असतो.

किती ग्रॅम घ्यायचं ते असं निघतं: मोलॅरिटी गुणिले लिटर म्हणजे मोल, आणि मोल गुणिले मोलर वस्तुमान म्हणजे ग्रॅम. सोडियम क्लोराईडचं ०.२ मोलर द्रावण २५० मिलिलीटर हवंय. ०.२ × ०.२५ = ०.०५ मोल. ०.०५ × ५८.४४ = २.९२२ ग्रॅम. २५० मिलिलीटरचे ०.२५ लिटर करायला विसरलात तर उत्तर २,९२२ ग्रॅम येतं, आणि तीन किलो मीठ पाव लिटरमध्ये मावत नाही हे बघून तरी चूक कळते. उलट दिशेनं हजार पट चुकलात, तर मात्र काट्यावर काही तोललं जातंय की नाही तेच कळेनासं होतं. आकडा आल्यावर ‘एवढं खरंच विरघळेल का’ असं एकदा स्वतःला विचारायची सवय बरी.

आता ते २.९२२ ग्रॅम फ्लास्कपर्यंत कसं न्यायचं ते बघू, कारण आकडेमोडीपेक्षा जास्त गळती इथं होते. मीठ छोट्या बीकरमध्ये तोललं, त्यात शंभरेक मिलिलीटर शुद्ध पाणी घातलं, काचकांडीनं ढवळून पूर्ण विरघळवलं. फनेल लावून द्रावण फ्लास्कमध्ये ओतलं. बीकर रिकामा दिसतो, पण त्याच्या भिंतींना, काचकांडीला आणि फनेललाही द्रावण चिकटलेलं असतं. म्हणून थोडं थोडं पाणी घेऊन सगळं तीन वेळा खंगाळायचं आणि ते पाणीही फ्लास्कमध्येच ओतायचं. एकदा भरपूर पाण्यानं खंगाळण्यापेक्षा तीनदा थोड्या पाण्यानं खंगाळलेलं जास्त उपयोगी पडतं. मग फ्लास्क मानेपर्यंत भरायचा, रेघेच्या सेंटिमीटरभर खाली थांबायचं आणि शेवटचं पाणी ड्रॉपरनं थेंब थेंब घालायचं. मानेत पाण्याचा पृष्ठभाग मधे खोलगट दिसतो. त्या खोलगटाचा तळ रेघेला टेकला पाहिजे, आणि बघताना डोळा रेघेच्या पातळीत हवा. वरून वाकून बघितलं की पाणी आहे त्यापेक्षा जास्त चढल्यासारखं दिसतं आणि हात आधीच थांबतो.

एखादा थेंब जास्त पडून पातळी रेघेच्या वर गेली तर? पिपेटनं थोडं काढून टाकायचा मोह प्रत्येकाला होतो. काढून काही सुधारत नाही, कारण काढलेल्या पाण्याबरोबर द्राव्यही बाहेर जातं आणि उरलेलं द्रावण पातळ ते पातळच राहतं. ते ओतून द्या, पहिल्यापासून करा. चिडचिड होते, पण दुसरा इलाज नाही. आणि सगळं जमलं की बूच लावून फ्लास्क दहा-पंधरा वेळा उलटासुलटा करा. बऱ्याच ‘न समजणाऱ्या’ चुकांचं मूळ इतकंच असतं की तळाला संहत द्रावण आणि मानेत जवळजवळ नुसतं पाणी राहिलेलं असतं.

तापमानाचं एक शेपूट इथंच जोडतो. बहुतेक फ्लास्कवर २० अंश सेल्सिअस असं छापलेलं असतं. रेघ त्या तापमानाला खरी. सोडियम हायड्रॉक्साईड विरघळताना बीकर चांगलाच तापतो. गरम द्रावण तसंच रेघेपर्यंत भरलं तर थंड झाल्यावर पातळी खाली उतरते. आधी थंड होऊ द्या. पाणी २० वरून ३० अंशांवर गेलं तर पाव टक्क्यानं फुगतं, तेवढ्यानं साध्या कामात बिघडत नाही. जिथं तेही चालत नाही तिथं मोलॅलिटी वापरतात, म्हणजे एक किलो द्रावकात किती मोल. वजन तापमानानं बदलत नाही, म्हणून. नावात एका अक्षराचा फरक आणि व्याख्येत ‘द्रावण’ विरुद्ध ‘द्रावक’. परीक्षेत गुण घालवायला एवढं पुरतं.

घन पदार्थ तोलता येतात. पण हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीवर मोलॅरिटी सहसा छापलेलीच नसते. तिथं असतात दोन आकडे: ३७ टक्के आणि घनता १.१९. हे टक्के वजनाचे असतात. म्हणून पायऱ्या अशा: एक लिटर आम्लाचं वजन ११९० ग्रॅम. त्यातलं ३७ टक्के म्हणजे ४४०.३ ग्रॅम खरं हायड्रोजन क्लोराईड. भागिले ३६.४६. उत्तर १२.०८, म्हणजे जवळपास १२ मोलर. सल्फ्युरिक आम्लाचंही असंच: ९८ टक्के, घनता १.८४, मोलर वस्तुमान ९८.०८, उत्तर १८.४ मोलर. घनता विसरून लिटर म्हणजे किलो असं धरलं, तर सल्फ्युरिक आम्लाच्या बाबतीत उत्तर जवळजवळ निम्म्यावर येतं.

इथून पुढे विरलन, म्हणजे पातळ करणं. यामागची गोष्ट एका वाक्याची आहे: पाणी घातल्यानं द्राव्याचे कण वाढत नाहीत आणि कमीही होत नाहीत. तेच कण जास्त जागेत पसरतात. कण म्हणजे मोल, आणि मोल म्हणजे मोलॅरिटी गुणिले आकारमान. म्हणून आधीची मोलॅरिटी × आधीचं आकारमान = नंतरची मोलॅरिटी × नंतरचं आकारमान. पुस्तकात हेच एम१व्ही१ बरोबर एम२व्ही२ असं दिसतं. दोन्ही बाजूंना आकारमान असल्यामुळे इथं मिलिलीटरचे लिटर केले नाहीत तरी चालतं, फक्त दोन्हीकडे एकच एकक ठेवा.

१२ मोलर आम्लापासून ०.१ मोलर ५०० मिलिलीटर करायचंय. ०.१ × ५०० = ५०. भागिले १२ = ४.१७ मिलिलीटर. एवढं आम्ल घ्यायचं आणि ५०० मिलिलीटरपर्यंत पाणी. ‘५०० मिलिलीटर पाणी घालायचं’ असं वाचलंत तर परत तोच सुक्रोजवाला घोटाळा. आणि ४९५.८३ मिलिलीटर पाणी मोजून घालू, हा हिशेबही बरोबर नाही, कारण आकारमानांची बेरीज नेहमी जमतेच असं नाही. ५० मिलिलीटर इथेनॉल आणि ५० मिलिलीटर पाणी एकत्र केलं की १०० होत नाहीत, ९६-९७ मिलिलीटरच भरतात. दोघांचे रेणू एकमेकांशी असे लगटून बसतात की जागा वाचते. खुणेपर्यंत भरण्याची पद्धत या भानगडीतून आपोआप सुटते.

संहत, म्हणजे दाट आम्लाच्या बाबतीत मात्र ‘द्राव्य आधी’ चालत नाही. तिथं क्रम ठरलेला: आधी पाणी, मग त्यात आम्ल, सावकाश, ढवळत. सल्फ्युरिक आम्ल पाण्यात मिसळताना प्रचंड उष्णता निघते. आम्लावर पाणी ओतलं तर हलकं पाणी वर तरंगतं, सीमेवर तापून उकळतं आणि आम्लासकट तोंडावर उडतं. उलट केलं तर जड आम्ल पाण्यात खाली जातं आणि उष्णता भरपूर पाण्यात वाटली जाते. म्हणून फ्लास्कमध्ये आधी निम्म्याहून जास्त पाणी, मग आम्ल, थंड करणं, आणि शेवटी रेघेपर्यंत पाणी. सल्फ्युरिक आम्ल जास्त प्रमाणात असेल तर हे मिसळणं फ्लास्कऐवजी थंड पाण्यात ठेवलेल्या बीकरमध्ये. चष्मा, हातमोजे आणि फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं कपाट) हे गृहीतच धरतो.

विरलनाचं सूत्र कधी लावायचं नाही, तेही सांगायला हवं. एकाच पदार्थाची दोन द्रावणं मिसळली तर दोन्हीकडचे मोल मिळवायचे. १ मोलरचे १०० मिलिलीटर म्हणजे ०.१ मोल, ०.२ मोलरचे ३०० मिलिलीटर म्हणजे ०.०६ मोल. एकूण ०.१६ मोल, साधारण ०.४ लिटरमध्ये, म्हणजे ०.४ मोलर. अनेकजण १ आणि ०.२ यांची सरासरी ०.६ काढून मोकळे होतात. आणि मिसळल्यावर अभिक्रिया होत असेल, आम्ल आणि आम्लारी भेटले असतील, तर ‘कण तेवढेच राहतात’ हा पायाच निसटतो. तिथं आधी कोण किती संपलं ते बघायचं.

आता माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वात दुष्ट लिहिण्याची पद्धत: १:१०. कुणी म्हणतं याचा अर्थ १ भाग द्रावण अधिक ९ भाग पाणी, एकूण १०. कुणी म्हणतं १ भाग अधिक १० भाग, एकूण ११. दोन्ही अर्थ सर्रास चालतात. दोन उत्तरांत सुमारे ९ टक्क्यांचा फरक पडतो. आणि १:२ असेल तर एकाचं निम्मं होतं, दुसऱ्याचं तिसरा हिस्सा. म्हणून मी ‘१० पट विरल’ किंवा ‘१ मिलिलीटर, एकूण १० मिलिलीटरपर्यंत’ असं लिहितो. दुसऱ्यानं १:१० लिहून दिलं असेल तर विचारून घेतो. विचारायला लाज वाटत नाही. पुन्हा प्रयोग करायला मात्र दिवस जातो.

१ मोलरपासून एक मायक्रोमोलर, म्हणजे दहा लाख पट विरल द्रावण हवं असेल तर? एका झटक्यात करायचं तर १ मायक्रोलिटर घेऊन लिटरभर करायला लागेल. एवढा बारीक थेंब नेमका घेणं अवघड, टोकाला चिकटलेला अंशही तिथं मोठा ठरतो. त्यापेक्षा १ मिलिलीटरचे १०० मिलिलीटर करा, त्यातल्या १ मिलिलीटरचे पुन्हा १००, आणि पुन्हा एकदा. तीन पायऱ्या, दर पायरीला १०० पट. याला क्रमिक विरलन म्हणतात. यात एकच धोका, पहिल्या पायरीची चूक पुढच्या सगळ्या पायऱ्या वाहून नेतात. दर पायरीला १ टक्का चूक एकाच दिशेनं झाली तर शेवटी ३ टक्के. दर वेळी नवीन पिपेट किंवा टोक, आणि पुढे जाण्याआधी नीट मिसळणं, एवढं पाळलं तर पुरतं.

जाता जाता एक गंमत. १ मोलरचं एक लिटर घेतलं आणि १० पट विरलन २४ वेळा केलं, तर शेवटच्या लिटरमध्ये सरासरी ०.६ कण उरतो. म्हणजे असेल तर एखादा, बहुधा नाहीच. त्यानंतर कितीही पाणी घाला, तुम्ही पाण्यातच पाणी घालताय.

‘कशाचे मोल’ हा प्रश्न विरघळल्यावरही सुटत नाही. कॅल्शियम क्लोराईडचं १ मोलर द्रावण क्लोराईड आयनांच्या हिशेबानं २ मोलर असतं, कारण प्रत्येक घटकातून दोन क्लोराईड सुटतात. सल्फ्युरिक आम्लाच्या रेणूत देण्याजोगे दोन हायड्रोजन, म्हणून १ मोलर सल्फ्युरिक म्हणजे, त्या हायड्रोजनच्या हिशेबानं मोजलं तर, २ नॉर्मल. जुन्या बाटल्यांवर अजून ‘नॉर्मल’ लिहिलेलं सापडतं. कोणती अभिक्रिया धरली आहे यावर ती संख्या बदलू शकते, त्यामुळे मला ती पद्धत फारशी आवडत नाही.

शेवटी राहिलं सोडियम हायड्रॉक्साईड, जे कितीही काळजीनं तोललं तरी दगा देतं. त्याच्या पांढऱ्या गोळ्या काट्यावर ठेवल्या की हवेतली ओल शोषतात आणि बघता बघता चकचकीत ओल्या दिसायला लागतात. काट्यावरचा आकडा डोळ्यांदेखत वर सरकतो. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साईड घेऊन त्यांचा थोडा कार्बोनेटही झालेला असतो. म्हणजे लिटरभर ०.१ मोलर द्रावणासाठी ४ ग्रॅम तोलले तरी सोडियम हायड्रॉक्साईड पूर्ण ४ ग्रॅम नसतंच. म्हणून हे द्रावण अंदाजे करायचं आणि त्याची खरी मोलॅरिटी एखाद्या भरवशाच्या पदार्थाकडून वदवून घ्यायची. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट असा भरवशाचा आहे: कोरडा राहतो, हवेला दाद देत नाही, मोलर वस्तुमान २०४.२२.

त्याचे ०.५१०५ ग्रॅम तोलले, म्हणजे २.५० मिलिमोल. पाण्यात विरघळवून दोन थेंब फेनॉल्फ्थॅलिन (आम्लारीत गुलाबी होणारा दर्शक) घातलं आणि ब्युरेटमधून, म्हणजे खाली तोटी असलेल्या मापनळीतून, सोडियम हायड्रॉक्साईड सोडत गेलो. थेंब पडतो तिथं गुलाबी ढग उठतो आणि विरतो. पुढे तो उशिरा विरायला लागतो, तेव्हा हात आवरायचा. एका थेंबानं सगळ्या द्रावणाला फिकट गुलाबी छटा आली आणि अर्धा मिनिट टिकली. ब्युरेटवर २५.८ मिलिलीटर. एकास एक जुळणारी अभिक्रिया, म्हणजे तेवढ्यात २.५० मिलिमोल सोडियम हायड्रॉक्साईड होतं. २.५० भागिले २५.८ = ०.०९६९. हेच आणखी दोनदा करायचं, तिन्ही उत्तरं जुळली की मगच पेन उचलायचं. बाटलीवर ०.१ लिहायचं नाही, ०.०९६९ लिहायचं, आणि खाली तारीख. झाकण उघडलं की हवा आत जातेच, त्यामुळे पुढच्या महिन्यात हाच आकडा खरा असेल असं धरायचं नाही.